हलवायाच्या घरी बगळा

रऊफचाचा टीव्हीच्या मागे उभे राहून टीव्ही बघायचे. चेष्टा करत नाही. संच दुरुस्तीला उघडला की मेकॅनिकचे हात मागच्या तारांत असतात आणि चित्र पडतं पुढे. मग समोरच्या स्टुलावर आरसा ठेवायचा आणि त्यात बघत बघत मागून स्क्रू पिळायचा. सगळे मेकॅनिक तसंच करत. चाचांच्या अंगात मात्र ती सवय इतकी मुरली होती की धडधाकट संच लावला तरी ते पुढे येत नसत. आरसा ठेवायचा, मागे उभं राहायचं आणि उलटं चित्र बघून हसायचं.

दिग्रसला कापूस खरेदीच्या गेटासमोर त्यांचं दुकान होतं आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून माझा एसटीडी बूथ. चाचा उंच, हाडकुळे, मेंदी लावलेली लालसर दाढी. चहा बशीत ओतून तो थंड होईपर्यंत बशीशी बोलत बसतील असा माणूस. बिघडलेल्या टीव्हीला ते ‘मुका’ म्हणत. दुरुस्त झाला असं कधी म्हणायचे नाहीत, ‘बोलला’ म्हणायचे. “मंदाबाई, त्या तलाठ्याचा मुका आज बोलला,” असं सकाळी सकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं की दिवस बरा जाणार.

कापसाची ती वर्षं मात्र बरी नव्हती. भाव पडलेला, आणि खरेदी आज सुरू तर उद्या बंद. बैलबंड्यांची रांग गेटापासून पार बसस्टँडकडच्या वळणापर्यंत जायची. माणसं बंडीखाली झोपायची, तिथंच भाकर खायची, आणि गेट उघडायची वाट बघत एकमेकांवर चिडायची. आत ग्रेडर नावाचा साहेब. तो बंडीतल्या कापसात हात घालायचा, चिमूटभर बोटांत चोळायचा आणि एका शब्दात त्या माणसाच्या वर्षाचं काय ते ठरवायचा. ‘एक नंबर’, म्हणजे पूर्ण भाव, हा शब्द त्याच्या तोंडून क्वचितच बाहेर पडे. ‘ओलावा आहे, परत न्या’ हा मात्र जिभेवरच असे.

ह्या रांगेसाठीच चाचांनी बोलायला सुरुवात केली. झालं असं की केबलवर एक इंग्रजी चॅनेल लागायचं आणि त्यावर दुपारी चारला एक कार्टून यायचं. जाडा, टकला पाववाला. बायको, तीन पोरी, आणि रोज जळणारी भट्टी. चाचा ते आरशात बघून हसत होते. रांगेतला एक जण दारात उभा राहून म्हणाला, “काय मनते हो तो? आमाले बी सांगा ना.” चाचांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी आवाज बंद केला, दुरुस्तीला आलेला एक भोंगा अन् माइक जोडला आणि म्हणाले, “मनते, बायको, आजचा पाव जळला नाही. फक्त सावळा झाला.”

दारात दहा माणसं झाली, मग पन्नास. पाववाल्याचं नाव ‘हलवाई’ पडलं. हलवाई अस्सल वऱ्हाडीत बोलायचा, मध्येच ‘या खुदा’ म्हणायचा. तीन पोरींना तीन आवाज होते. बायकोचा आवाज चाचा फार हळू काढत आणि तिच्या तोंडी कधी टिंगल घालत नसत. त्यांची बीबी वारून बरीच वर्षं झाली होती. तो आवाज कुणाचा ते मी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती.

मी त्या हलवायाची भक्त होते हे सांगून टाकते. तिशी ओलांडलेली बाई, गिऱ्हाईक बूथमध्ये ट्रंक कॉलसारखं ओरडत असायचं आणि मी चार वाजले की दारात. लोक हसायचे. हसोत बापडे.

चाचांचा एक नियम होता. चित्रातल्या माणसाचं तोंड हललं तेवढंच बोलायचं. तोंड मिटलं की आपणही गप्प. पाठमोरा माणूस म्हणजे मुकाच. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक जण दुकानात आला, हळूच म्हणाला, “चाचा, तुमच्या हलवायाच्या तोंडी आपलं निशान टाका ना एक-दोनदा. समजून घेऊ आपन.” चाचांनी बशीतला चहा संपवला. “भाऊ, हलवायाचं नाव मतदार यादीत नाही,” म्हणाले. “त्याले कायले तरास देता?” उमेदवार मुकाट्याने चालता झाला.

दुसरा नियम त्याहून कडक. चित्रातल्या कुणालाही गावातलं नाव लावायचं नाही. ह्या नियमापायीच गोपाळ दुकान सोडून गेला.

गोपाळ राठोड जवळच्या तांड्यावरचा, पंचविशीतला, हुशार आणि तापट. चाचांकडे काम शिकून तो तयार मेकॅनिक झाला होता. साडेचारला त्याच चॅनेलवर दुसरं कार्टून लागायचं. पक्ष्यांचं ऑफिस. सगळी बदकं कारकून, आणि साहेब एक लांब मानेचा बगळा. ह्या ‘बदकाईच्या हापिसा’ला आवाज गोपाळ द्यायचा. त्याचा बगळा नाकात बोलायचा आणि शब्द मोजून टाकायचा. ऐकताना अंगावर काटा यायचा, कारण तो हुबेहूब आतला ग्रेडर होता. एके दिवशी बगळ्यानं चोच मिटलेली असताना गोपाळ माइकमध्ये म्हणाला, “ओलावा हाय. परत ने.”

रस्त्यावर असा हशा झाला की बैल उठून उभे राहिले. चाचांनी खटका बंद केला.

“चोच बंद होती,” चाचा म्हणाले.

“लोकं हासले ना पन!”

“हासले. उद्यापासून त्या मानसाले बगळा मनतीन. चित्र बंद करता येते बेटा, गाव बंद करता येत नाही.”

“तो आमच्या बापाचा कापूस चोयून फेकते तवा त्याले कोन बंद करते?” गोपाळनं माइक ठेवला तो ठेवलाच. आठवडाभरात गेटाच्या दुसऱ्या अंगाला त्यानं चहाची टपरी टाकली, वर एक जुना टीव्ही चढवला, आणि साडेचारचं हापिस तिकडे सुरू झालं. तेव्हापासून रोजची गंमत अशी की चारला सगळी रांग चाचांच्या दारात, आणि साडेचारला तीच रांग रस्ता ओलांडून गोपाळच्या टपरीवर. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. ग्रेडरला मात्र सगळे बगळा म्हणू लागले होते, आणि ते त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानंतर ओलावा वाढला असं लोक म्हणत. खरंखोटं देव जाणे.

आणि अशात त्या चॅनेलवर एक जाहिरात दिसायला लागली. हलवायाच्या खिडकीतून एक लांब चोच आत येते. येत्या शनिवारी बगळा हलवायाच्या घरी येणार, दोन्ही कार्टूनं एकाच तासात.

मला ती जाहिरात बघून आनंद व्हायला हवा होता. मला धसकाच बसला. सोयरीक जुळवताना घरं बघतात, चाली बघतात. हलवायाच्या गावात जनावरं बोलत नव्हती आणि बदकांच्या हापिसात माणूस नव्हता. बगळा त्या भट्टीपाशी येऊन उभा राहिला तर भट्टीची गंमत राहील का? ज्याने कुणी ही कल्पना काढली त्याला दोन्ही घरांची माया नसावी, असं मी चाचांना म्हणाले. चाचा म्हणाले, “त्याईले काय, त्याईचे आवाज त्याईच्यापाशी हाय. आमचं काय?”

तेच तर. बगळ्याचा आवाज गोपाळकडे, हलवायाचा चाचांकडे. रांगेत दुसरा विषय राहिला नव्हता. शेवटी गोपाळच माझ्या बूथमध्ये आला, फोन लावायचं नाव करून उभा राहिला आणि रिसीव्हर हातात घेऊन म्हणाला, “ताई, चाचाले इचारून पाहा. मी बगळा घेऊन येतो मना. पन चूप राहीन असं नाही मनत.”

मी भिंतीपलीकडे गेले. चाचा आरसा पुसत होते. “येऊ दे,” म्हणाले. “चोच हलन तेवढं बोल मनाव. बाकी मी पाहून घेतो.”

शनिवार उजाडला तोच वाईट. गेट दोन दिवसांपासून बंद होतं. आत जागा नाही म्हणून सांगितलं होतं, आणि सकाळी कुणीतरी बातमी आणली की मागच्या दाराने व्यापाऱ्यांचे ट्रक आत घेतले. दुपारपर्यंत पोलिसांची गाडी आली. गेटाच्या आत शिपाई काठ्या घेऊन उभे राहिले. बाहेर रांग रांग राहिली नव्हती, माणसांचा नुसता घोळका झाला होता.

आणि गेटाला पाठ लावून सकरूबुवा बसले होते. सकरूबुवा म्हणजे गोपाळचे वडील, सत्तरीचे, कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू न येणारे. पहिली बंडी त्यांची होती. रांगेची रीत अशी की पहिल्या बंडीवाल्याने गेट सोडायचं नाही. गेट सोडलं की नंबर गेला, आणि मग पुढे भांडण. बाकीचे खायला, पाणी प्यायला जात, ते जागचे हलत नसत. घोळका गेटावर गेला असता तर पहिला पाय त्यांच्याच छातीवर पडला असता. मला माझ्या दारातून ते लख्ख दिसत होतं. मी एकदा जाऊन खुणा केल्या, इकडे या म्हणून. त्यांनी हसून हात हलवला आणि तिथंच बसून राहिले.

चार वाजता चाचांनी संच दुकानाच्या ओट्यावर आणला. ते मागे उभे, आरसा स्टुलावर, तोंड रस्त्याकडे आणि गेटाकडे. गोपाळ पुढे, दुसरा माइक हातात, पाठ गेटाकडे. दोघांनी एकमेकांना राम राम की सलाम काहीच केलं नाही. ओटा आणि गेटाच्या मध्ये दोनशे-तीनशे माणसं, आणि कुणी बसायला तयार नाही.

सुरुवातीला छान चाललं. बगळा हलवायाच्या दारात आला, मान वाकवून आत शिरला. गोपाळ नाकात म्हणाला, “हे भट्टी कोनाच्या परवानगीनं पेटोली?” चाचा म्हणाले, “साहेब, ते पेटते कुठं? ते तं फक्त धूर काढते.” लोक हसले. माझा धसका थोडा उतरला. दोन घरं एकमेकांत मिसळत होती, आणि दोन माणसं सुद्धा. त्यांचे आवाज एकमेकांना जागा देत होते. कधीकाळी एकाच स्टुलावर बसून चहा प्यालेले आवाज होते ते.

मग बगळ्यानं पाव हातात घेतला. पंखांच्या टोकांत धरला आणि चोळला.

रस्ता गप्प झाला. चित्रात फक्त तो पाव चुरत होता. बगळ्यानं एक लाल शिक्का काढला आणि पावावर हाणला. चोच हलली. गोपाळनं नियम मोडला नाही. चोच हलली तेवढंच तो बोलला.

“ओलावा हाय. परत ने.”

पण ह्या वेळी कुणी हसलं नाही. मागून एक दगड आला आणि गेटाच्या पत्र्यावर आदळला. कुणीतरी बंडीची उभारी, कडेचा दांडा, उपसली. चित्रात हलवायानं ओट्यावरचं लाटणं उचललं, आणि तो पाठमोरा झाला. माणसं टीव्हीकडून गेटाकडे वळली. आतल्या काठ्या वर गेलेल्या मला दिसल्या. सकरूबुवांना मागचं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त समोरून येणारी माणसं दिसत होती. ते उठले नाहीत. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले.

मी ओरडले असेन. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ऐकू आला तो भोंगा. हलवाई बोलत होता, पाठमोरा, तोंड दिसत नसताना.

“अबे थांबा! लाटनं हाती घेतलं तं मारतोच असं वाटलं काय तुमाले? मी पोया लाटाले घेतलं! अन् त्या गेटापाशी सकरूबुढा बसेल हाय. त्याच्या अंगावरून जासान काय? जा ना मंग! पह्यले मले तुडवा, मंग त्याले तुडवा!”

आवाज हलवायाचा होता पण तो फाटला होता. पुढची माणसं थबकली. त्यांनी खाली बघितलं तर खरंच पायाशी म्हातारा. मागचे पुढच्यांवर आदळले, शिव्या झाल्या, पण रेटा मोडला. कुणीतरी सकरूबुवांच्या शेजारी जाऊन बसलं. मग आणखी एक. हळूहळू सगळा घोळका गेटासमोर बसला. उभारी हातात धरलेला तो इसम तेवढा मध्ये उभा राहिला, आणि मग तिचं काय करावं ते न कळून तोही बसला.

गेट काही उघडलं नाही. काठ्या खाली आल्या. मी ओट्याकडे बघितलं तेव्हा टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती.

संध्याकाळी रांग पुन्हा लागल्यावर गोपाळ दुकानात आला. मी तिथंच होते. चाचा उगाच एक स्क्रू पिळत होते.

“तोंड दिसत नव्हतं त्याचं,” गोपाळ म्हणाला.

“नव्हतं.”

“अन् गावातलं नाव घेतलं तुमी. माह्या बापाचं घेतलं. मले बंद केलं होतं ना त्याच्यासाठी?”

“केलं होतं.”

“आज गेट उघडलं असतं चाचा! एकडाव उघडलं असतं. उद्या तो बगळा सगळ्याईले तीन नंबर देईन अन् सगळे चूप घेतीन. तुमी झोपोलं लोकाईले.”

चाचा स्क्रू पिळतच राहिले. मग मलाच राहवलं नाही. “अरे, तुझा बाप बसला होता तिथं. मेला असता!”

गोपाळ माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. “मले माहीत हाय कुठं बसेल होता ते. सकायीच मनलं त्यानं मले. मनला, गरदी आली तं येऊ दे, माह्याकडं पाहू नोको. माह्यं झालं सारं.”

चाचांनी स्क्रू खाली ठेवला.

“त्यानं मनलं असन,” ते म्हणाले. “तू पोरगा होऊन ऐकलं. मी नाही ऐकत. तो गेटाले पाठ लावून बसला तं बसू दे. मी त्याले इचारत नाही अन् तुले बी इचारत नाही.”

गोपाळ निघून गेला. चूक कोणाची ते मी कित्येकदा मनात घोळवलं आहे. गोपाळचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला विचाराल तर त्या संध्याकाळी मी चाचांच्या पाया पडायची तेवढी राहिले होते.

गोपाळचं खरं झालं. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही गेट उघडलं, आणि बंडीमागून बंडी तीन नंबरने, पडत्या भावाने, आत गेली. कुणी बोललं नाही. त्यानंतर चाचांनी माइक हातात घेतला नाही. चारला हलवाई लागायचा, चाचा आवाज बंद ठेवून त्याला आरशात बघायचे, आणि पाच-पंचवीस माणसं दारात तशीच उभी राहायची. वर्षभरातच घरोघरी मोबाइल आले, माझा बूथ बसला आणि मी यवतमाळला भावाकडे गेले. पण चाचांचं माझ्या डोळ्यांपुढे राहिलेलं रूप त्या रविवारचंच आहे.

दुपारी सकरूबुवांची रिकामी बंडी गेटातून बाहेर आली. कासरा गोपाळच्या हातात होता. बंडी पुढे न जाता चाचांच्या दुकानापुढे थांबली. म्हातारा उतरला नाही. वरूनच, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, “रऊफ, साऱ्याईनं पाह्यलं काल. मले नुसत्या मानसाईच्या पाठी दिसल्या. काय झालं बे त्या हलवायाचं?”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी गोपाळकडे. तेव्हा आमच्या लक्षात आलं की शेवट कोणीच बघितला नव्हता. चाचा गेटाकडे बघत होते, गोपाळ वळला होता, मी ओरडत होते, आणि रांगेतल्या एकाही माणसाला सांगता आलं नसतं की लाटणं उचलल्यावर पुढे काय झालं. आठवडाभर सगळं गाव ज्याची वाट बघत होतं तो भाग त्याचा तोच संपून गेला होता.

चाचा ओटा उतरून बंडीपाशी गेले, चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन वर चढले आणि म्हाताऱ्याच्या कानाला तोंड लावून, भर रस्त्यात, ओरडून ओरडून गोष्ट सांगू लागले. हलवायानं पोया लाटल्या. तीन पोरींनी तूप लावलं. बायकोनं पाट मांडला. पाचही आवाज झाले. हलवाई म्हणाला, साहेब, सकाळपासून पोटात काही गेलं नाही तुमच्या, म्हणून कडू बोलून राह्यले. आधी खा, मंग नाही मना. बगळ्यानं घास घेतला. चावला. आणि मग...

इथं चाचा थांबले. बगळ्याचा आवाज त्यांचा नव्हता. ते गोपाळकडे बघत राहिले. म्हाताराही बघायला लागला. गोपाळची मान खाली होती, कासरा मुठीत आवळलेला. बैलानं शेपूट हलवलं. मग गोपाळनं कासरा जुवाला गुंडाळला, बंडीवर चढला, बापाच्या दुसऱ्या कानाशी वाकला आणि नाकातल्या त्या थंड, मोजक्या आवाजात मोठ्याने म्हणाला,

“एक नंबर.”

सकरूबुवांनी एकदा ह्याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. रिकाम्या बंडीच्या फळीला कापसाचा एक पुंजका चिकटला होता, तो त्यांनी नखाने खरवडून काढला.

“चित्रातलाच असन तो बगळा,” ते म्हणाले, आणि बैल हाकायला सांगितलं. चाचा बंडीवरून उतरायचे राहिले होते. ते तसेच, एक पाय बाहेर सोडून, बंडीबरोबर थोडं अंतर गेले.